अमावास्येचं खडप

पहाटेची भरती पुळणीला टेकली की सांडखोलच्या खारवीवाडीत होड्या पाण्यात ढकलायची गडबड उडे. होडीवाले नाखवे एकमेकांना हाळ्या देत. हाळी ऐकली की सोनूबाई घरातल्या घरात म्हणे, "राही, फिर गो." मग राही पोरीला पोटाशी घेऊन भिंतीकडं तोंड करून बसे. सोनूबाईही तिच्या शेजारी तशीच बसे. होडी निघताना विधवेची नजर तिच्यावर पडू नये, असा वाडीचा रिवाज होता. सोनूबाई तो बावीस वर्षं पाळत आली होती आणि आता सुनेकडून पाळून घेत होती.

पावणेदोन वर्षांची जनी मात्र ऐकत नसे. आईच्या मांडीवरून घसरून ती दाराकडं धावे. आजी तिला पायाला धरून मागं ओढी. पोर हसे. तिला तो खेळ वाटे. राही मात्र मनात म्हणे, उद्या हिला हा खेळ नाही हे कुणी सांगायचं?

जनी पोटात पाच महिन्यांची असताना तिचा बाप रामा गेला. तिन्हीसांजेला परतताना खाडीच्या तोंडाशी त्याची होडी फुटली. पाचांतले तिघं पोहत आले, दोघं आले नाहीत. वाट तर आज्यापणज्यापासूनची, स्वच्छ. मग होडी फुटली कशानं? वाडीनं उत्तर शोधलं ते राहीच्या पायात. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. "पायगुण," असं सोनूबाई पहिल्यांदा म्हणाली आणि मग सगळ्यांनी तेच धरलं.

वाडीतल्या विधवांना होडीवरच्या मासळीला हात लावायची बंदी होती. लिलावाला उभं राहायचं नाही, पाटी उचलायची नाही. त्यांनी पोट भरायचं ते खडपावरची, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवरची, शिंपल्यांतली कालवं काढून. सगळ्यांत मोठी सुकती, म्हणजे ओहोटी, अमावास्या-पौर्णिमेला लागते. त्यातल्या अमावास्येला खारवी होडी काढत नाहीत, ती पाळतात. म्हणून अमावास्येला समुद्राकडं तोंड करून काम करणाऱ्या बायका सांडखोलात दोनच होत्या, राही आणि पलीकडच्या घरातली विधवा तुळसा; पोरीला सांभाळत सोनूबाई घरी असे.

आणि म्हणूनच त्यांनी जे पाहिलं होतं, ते वाडीतल्या एकाही पुरुषानं पाहिलं नव्हतं.

१९८३च्या कार्तिकात तलाठ्यानं शाळेच्या भिंतीवर एक कागद चिकटवला. समुद्राच्या जुन्या नकाशाची दुरुस्ती व्हायची आहे, पाहणीची सरकारी लाँच येईल, खडक, गाळ, दिवा, बोया यांबद्दल मच्छीमारांनी आपली माहिती आणि सूचना सांगाव्यात, असं त्यात होतं. राहीचा दीर धाकू सातवी शिकलेला. त्यानं जेवताना आईला हे सांगितलं. वाढता वाढता राहीचा हात थांबला.

"भावजी, एक सांगू?"

"सांगा की वयनी."

"खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडप हाय. अमावास्येच्या सुकतीला त्याची काळी पाठ दिसते. घटकाभरच. तुळसाकाकीनं पन बगितलंय."

धाकू हसला. "तितनं तर आमी रोज जातो."

"भरतीला जाता. आणि येता ते पन पाणी असताना. त्या सांजेला मात्र सुकती लागली व्हती..." राही थांबली. सासूकडं न बघताच म्हणाली, "गेल्या शिमग्यानंतरच्या अमावास्येला त्या बाजूच्या कपारीत एक फळी अडकलेली गावली. निळी. वर पिवळा पट्टा. जनीच्या बापानंच रंगवलेला."

सोनूबाईच्या हातातला घास तसाच राहिला. मग ती एकदम उसळली, "गप गो! स्वतःचा पाय झाकायला आता खडप काढतंस व्हय पाण्यातनं?"

धाकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेला. पडवीतून हलकेच म्हणाला, "मी सांगेन सायबाला. तुमी येऊ नका."

सभा शाळेच्या पडवीत भरली. लाँच बाहेर नांगरून साहेब छोट्या होडग्यातून आले होते. चष्म्याचे, मऊ बोलणारे, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. टेबलावर नकाशा पसरून चारी कोपऱ्यांवर त्यांनी शाळेतल्या पाट्या ठेवल्या. पहिल्या बाकावर वाडीचा मुख्य तांडेल भिकाजी बसला होता. रामाच्या होडीवरून पोहत आलेल्या तिघांपैकी तो एक. त्या संध्याकाळी सुकाणू त्याच्याच हातात होतं.

"खाडीच्या तोंडाचं काय, तात्या?" साहेबांनी विचारलं.

"साफ वाट. डोळं बांधून जावं."

"पण दोन वर्षांपूर्वी तिथं अपघात झालेला ना?"

"त्ये दैवाचं काम, सायब. त्ये नकाशात कसं घालनार?"

माणसं हसली. भिकाजी हसला नाही. साहेबांनी सगळ्यांकडं पाहिलं. "अजून कुणाला काही सांगायचंय?"

शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून राही आणि तुळसा ऐकत होत्या. आता भावजी बोलेल, असं राहीला वाटलं. धाकूनं उभं राहून घसा खाकरला. भिकाजीनं वळून त्याच्याकडं पाहिलं. धाकू खाली बसला.

"मग या माहितीच्या कागदावर सह्या करा," साहेब म्हणाले.

राहीनं जनीला कडेवर घेतलं. तुळसानं तिचा पदर धरला, "नको गो, खातील तुला." पण राही कोपरा वळून पडवीच्या पायरीवर आली.  आईच्या गळ्यात मिठी घालून पोर सगळ्यांकडं टकमका बघत होती.

"सायब, मला सांगायचंय."

पडवीतली सगळी डोकी वळली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आली बगा पांढऱ्या कपाळाची! नवरा खाल्ला, आता बंदर खायाला आली."

"धाकल्या, घरातली बाय आवरत नाय व्हय रे तुला?"

"बोलू द्या त्यांना," साहेब म्हणाले. "बोला बाई."

राहीनं नकाशाकडं पाहिलंच नाही, तिला तो कळतही नव्हता. तिनं समुद्राकडं हात केला. "देवळाचा कळस शाळंच्या कौलाच्या कण्यावर आला, आणि डावीकडचा एकटा माड डोंगरावरच्या मोडक्या बुरुजावर आला, की खाली खडप. कालवं काढताना एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तुळसाकाकी, खडप समोर धरून मागं वळून बगितलंय. होडीएवढी लांब पाठ हाय."

साहेबांची पेन्सिल चालू लागली. त्यांनी आधी माडाकडं, मग बुरुजाकडं पाहिलं. "दोन रेषा दिल्यात तुम्ही, त्या जिथं छेदतात तिथं खडक. मोजून बघायला हवं. लाँच एवढ्या जवळ नेता येणार नाही आणि आमचं होडगं लाटेत टिकायचं नाही. वाडीची एखादी होडी मिळेल? बाईंना बरोबर यावं लागेल."

भिकाजी उठला. "होडीत विधवा? सायब, आमची होडी म्हंजे आमची आय. हिनं पाय ठेवलान तर ती होडी आमी जाळू. आणि हिचं लिवून घेत असाल, तर आमच्या सह्या नायत."

एकेक करून माणसं उठू लागली. साहेब गोंधळले. सह्यांशिवाय कागद वर जाणार नव्हता. त्यांची पेन्सिल नकाशावरच थांबली.

तेवढ्यात आवाज आला, "धाकू, होडी काढ."

पडवीच्या पलीकडं चिंचेखाली सोनूबाई उभी होती. ती कधी आली होती कुणास ठाऊक. सुनेला ओढून न्यायलाच आली होती बहुधा, पण त्या निळ्या फळीचं ऐकल्यापासून तिला झोप नव्हती.

"आये, पन..."

"काढ म्हनते ना." म्हातारी पुढं आली आणि भिकाजीसमोर उभी राहिली. "भिक्या, त्या सांजेला होडी खालनं काय लागलं? खरं सांग. पोराची आय इचारते."

भिकाजीनं डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.  "घासल्यासारखं झालं," तो शेवटी पुटपुटला. "मला वाटलं, भास."

"आणि दोन वरसं तू गप बसलास. मी हिच्या पायाला बोट लावीत बसली, आणि तू ऐकत बसलास." सोनूबाईनं धाकूकडं हात केला. "उद्या माझा हा दुसरा त्याच वाटनं जानार हाय. चल गो राही. मीबी येते. मीबी विधवाच हाय. जाळायची तर दोगींसाठी एकदाच जाळा."

धाकूनं होडी काढली. ढकलायला कुणी आलं नाही, म्हणून साहेब आणि त्यांचा खलाशी पाण्यात उतरले. जनी तुळसाच्या कडेवरून ओरडत राहिली. राहीनं आयुष्यात पहिल्यांदा होडीच्या काठाला धरलं. तिनं डोळे कळसावरून हलवले नाहीत. "अजून थोडं... अजून... आता माडाकडं बगा."

खलाशानं खोली मोजायची शिसं बांधलेली दोरी सोडली आणि भिजलेली दोरी दोन्ही हात पसरून मोजली. "पाच वाव." पुन्हा सोडली. "साडेचार." धाकूनं वल्हं हलकं मारलं. "चार." मग दोरी एकदम ढिली पडली. "एकच, साहेब! एक वाव!"

 सोनूबाई काठावरून वाकून हिरव्या पाण्यात बघत होती. मग तिनं सुनेचं पाऊल हातात घेतलं. राही दचकली, "आये, ह्ये काय?" म्हातारीनं ते सोडलं नाही. 

साहेबांनी पेन्सिलीच्या खुणेवर शाईनं फुली मारली. "माहिती देणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. वाडीचं लिहू?"

"तिचं लिवा," सोनूबाई म्हणाली. "राही रामा पावसकर."

लाँच दुसऱ्या दिवशी गेली. खोली मोजलेली आहे, आता सह्यांवाचून अडणार नाही, खडपावर इशाऱ्याचा तरंगता बोया बसवायची शिफारस करतो, वेळ लागेल, असं साहेब सांगून गेले. कुणी होडी जाळली नाही. पण धाकूच्या होडीवरचे चारही खलाशी त्या सकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. बाटलेल्या होडीवर कोण पाय ठेवणार? मासळीच्या लिलावाला नुसता उभा राहिला तरी धाकूला कुणी हाक मारीना. जनीला सांभाळलं म्हणून तुळसाला वाडीच्या विहिरीवर पाणी भरू देईनात.

अकराव्या दिवशी धाकू पुळणीवरून घाईघाईनं आला. राही पडवीत कालवं फोडत होती. जनी शिंपल्यांची रांग लावत होती.

"वयनी, आज बगितलं मी. भिकातात्यानं खाडीच्या तोंडाशी कळसाकडं बगून सुकाणू फिरवलं. त्याच्या मागनं सगळ्यांनीच. लांबून वळसा घातला."

"सगळी आली परत?"

"आली. सगळी."

राहीनं पुढचं कालव उचललं. "मग झालं."

पण वाचकहो, खरंच झालं का? राहीनं सांगितलेली वाट सांडखोलची माणसं रोज वापरतात, तिच्या जोरावर सुखरूप घरी येतात, आणि गरम भात जेवतात. धाकूची होडी मात्र अजून वाळूत उभी आहे. ती मासळीला न्यायला धाकूबरोबर चार माणसं लागतात. सबंध वाडीत ती चार माणसं अजून मिळालेली नाहीत. आपल्या गावात मिळतील का?