निळी पडलेली नवरी

“बघा! डोळे फाडून बघा सुनेचं तोंड!”

तेजोबाबांनी टीव्हीकडे बोट केलं आणि बैठकीत दाटीवाटीने बसलेली सगळी भावकी हबकली. पडद्यावर लग्नाचा फोटो होता. मागे उभे असलेले काका, मावश्या, हॉलच्या भिंती, सगळं नेहमीसारखं. पुढे बसलेली नवरी मात्र निळी. गाल निळे, कपाळ निळं, ओठ तर जांभळे. जणू बुडालेलं माणूस आत्ताच पाण्यातून बाहेर काढलंय.

“विष आहे हे. जन्माचं!” बाबा गरजले. “आणि शेजारी तुमचा मुलगा बघा. त्यालाही चढायला लागलंय.”

नवराही खरोखरच निळा होता. सासूबाईंनी तोंडावर हात दाबला. नणंद आपल्या लेकराला उचलून सुनेपासून दूर सरकली.

सून दाराशी उभी होती. दातांची डॉक्टर. लग्नाला आठवडा होत नाही तोच सासरे तापाने अंथरुणाला खिळले होते. औषधाऐवजी बाबांची राख त्यांच्या पोटात जात होती आणि ताप का आला, याचं खापर घरभर कुजबुजत तिच्याच डोक्यावर फुटत होतं. डॉक्टरकडे नेऊ या, असं ती रोज सांगत होती. “तुझा हात लागायला नको,” असं उत्तर रोज मिळत होतं.

“उपाय काय, बाबा?” सासूबाईंनी रडवेल्या आवाजात विचारलं.

“मठात पाठवा हिला. माझ्या नजरेखाली राहील. हिचा दवाखाना बंद, नवऱ्याचं दर्शन बंद. विष उतरेल तेव्हा उतरेल.”

‘माझ्या नजरेखाली’ म्हणताना ती नजर कुठे फिरली, ते सुनेने पाहिलं. तिच्या अंगावर काटा आला. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो फरशी बघत होता.

“अरे, बोल ना काहीतरी!”

“आई घाबरलीय गं,” तो पुटपुटला. “थोडे दिवस जाऊन ये ना.”

इतका वेळ भ्यायलेली ती त्या एका वाक्याने भडकली. पण बाबांचा खेळ अजून संपला नव्हता.

“आधी प्रचीती घ्या!” बाबांनी आपल्या चेल्याला खूण केली. हाच चेला लग्नाचा फोटोग्राफर. बाबांच्याच शिफारशीने ठरलेला. त्याने कॅमेरा टीव्हीला जोडला आणि सुनेला खुर्चीत बसवलं. “सगळ्यांनी डोळे मिटा. उघडे ठेवाल तर विष तुमच्या बुबुळात शिरेल! ॐ तेजो तेजो, निघ निघ, फट् फट्!”

मंतरलेलं पाणी तिच्या तोंडावर उडालं. पापण्या किलकिल्या ठेवून ती बघत होती. चेल्याने कॅमेऱ्याच्या पाठीवरची बटणं चटचट दाबली. मग फ्लॅश लखलखला.

टीव्हीवर तिचा चेहरा चांगला टवटवीत. मागची भिंत सोन्यासारखी पिवळीजर्द.

“तेजोवलय!” बाबा ओरडले. मागच्या मावशीने तर जमिनीला डोकं टेकलं.

सून उठली आणि तिने चेल्याच्या हातातला कॅमेरा काढून घेतला. “ए, हात लावू नको!” तो धावला, पण तिची बोटं बटणांवर चालू लागली होती. तिने बाबांवर नेम धरला. लखकन उजेड पडला आणि टीव्हीवर बाबा आले. झगा निळा, दाढी निळी, टक्कलही निळं.

कोणीतरी फिसकन हसलं.

“मूर्खांनो!” बाबा सावरले. “हिचं विष मी स्वतः प्यायलो! तुमच्यासाठी!”

“असं होय?” तिने कपाटातला कोरा कागद काढून खुर्चीवर उभा केला. “डोळे मिटू नका कोणी.” फोटो काढला. कागद निळा. बटणं दाबली, पुन्हा काढला. कागद पांढरा. पुन्हा निळा. पुन्हा पांढरा. “आता या कागदाला विष कुठून चढलं, बाबा? आणि उतरवलं कोणी? मी तर मंत्रही म्हटला नाही.”

बाबा चेल्याकडे बघत होते, चेला दाराकडे.

“या पिवळ्या दिव्यांचा उजेड तांबूस असतो,” ती सासूबाईंकडे वळली. “फ्लॅशचा दिवसासारखा पांढरा. आपले डोळे आपसूक जुळवून घेतात, कॅमेऱ्याला ते सांगावं लागतं. त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. यांनी लग्नात तो हॉलच्या अशाच पिवळ्या दिव्यांना जुळवला, मग मागचे सगळे नीट आले आणि फ्लॅशच्या झोतातले आम्ही दोघं निळे. आत्ता तो फ्लॅशला जुळवला, म्हणून मी नीट आणि दिव्यातली भिंत पिवळी. हेच यांचं तेजोवलय! सरळमार्गी फोटोग्राफर फ्लॅशवर नारिंगी पारदर्शक कागद लावतो, दोन्ही उजेड सारखे होतात. दातावर बसवायच्या टोपीचा रंग जुळवायला मी रोज असे फोटो काढते.”

“म्हणजे... विष नाही?” सासूबाई.

“नाही. फसवणूक आहे.”

चेला सटकला. “शाप लागेल! घर बसेल!” असं बरळत बाबाही त्याच्यामागे निघाले. पाया पडायला कोणी वाकलं नाही, पण अडवायलाही कोणी उठलं नाही. नणंद तर म्हणालीच, “तरी पण, बाबांना काहीतरी दिसलं असेलच ना?”

सुनेने सासऱ्यांच्या उशाची राखेची पुडी उचलून मोरीत ओतली. नवरा तिच्यामागे येऊन घुटमळला. “चुकलं माझं.”

“त्याचं नंतर बघू. गाडी काढ.”

इस्पितळात फुप्फुसाला सूज निघाली. “इतके दिवस काय करत होता?” डॉक्टर डाफरले.

बाहेरच्या बाकावर सासूबाई सुनेशेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, “मला कसं कळणार गं? मी काही शिकलेली नाही.”

“यात शिक्षण कशाला हवं, आई? ‘पुन्हा करून दाखवा, आम्ही डोळे उघडे ठेवतो,’ एवढंच म्हणायचं. जे खरं असतं, ते डोळ्यांदेखत पुन्हा होतं. आणि ताप आला की डॉक्टर गाठायचा, सुनेचं तोंड बघत बसायचं नाही.”