मागची बैठक

"डावीकडे मारा, जावईबापू. डावीकडे! घड्याळ घालता तो हात."

जावयाने वल्हं उजवीकडून डावीकडे घेतलं. वल्ह्यावरचं पाणी मांडीवर ओघळलं, ते त्याने पुसलं नाही. होडीचं टोक बुरुजाच्या बेटाकडे वळलं आणि मागच्या बैठकीवरून समाधानाचा हुंकार आला.

होडी लांब, अरुंद, दोघांपुरती. पुढच्याने जोर लावायचा, मागच्याने दिशा ठरवायची आणि शिवाय बोलायचं, ही कामाची वाटणी सासऱ्यांनीच केलेली होती. चौतीस वर्षं ते या तलावाच्या पाण्याची उंची मोजायच्या नोकरीत होते. निवृत्त झाल्यावर खात्याने त्यांच्या जागी एक यंत्र बसवलं. सासरे अजूनही रोज सकाळी जाऊन ते बरोबर मोजतंय ना, हे तपासून येत. यंत्राने आजवर तक्रार केलेली नव्हती.

पुढची बैठक त्यांच्या मुलीची. ती आजारपणात गेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून जावई वर्षातून दोनदा येई, तीन दिवस राही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी या बैठकीवर बसे. ती गेली तेव्हा दोघांनी कामं चोख केली होती. जावयाने कागदपत्रं पाहिली, सासऱ्यांनी फोन केले. रडलं कुणीच नाही. आधी वेळ नव्हता, आणि मग ते राहूनच गेलं.

आज दुपारी जावयाची बस होती. महिनाभराने त्याचं दुसरं लग्न होतं. ते सांगायलाच तो आला होता. तीन दिवसांत त्याने गच्चीची गळती सांगितली, ऑफिसातली बदली सांगितली, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं ऑपरेशन टाक्यांच्या संख्येसह सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्याचा हात आता कुणी धरला नसता. त्याचे आईवडील कधीच गेले होते. 'पोहोचलात की फोन करा' म्हणणारी जगात सासू-सासरे ही दोनच माणसं उरली होती, आणि ती बायकोच्या नात्याने आलेली. ते एक वाक्य बोलून टाकल्यावर त्यांनी त्याच्या फोनची वाट कोणत्या नात्याने पाहायची? याची भीती वाटायला हवी, हे त्याला कळत होतं. प्रत्यक्षात त्याला एवढंच जाणवत होतं, की डाव्या पायाला मुंग्या आल्यात.

"हा बुरूज पाहा," सासरे म्हणाले. "इथे साठ सैनिकांनी तीन महिने तग धरला."

"मागच्या वेळी चाळीस होते, बाबा."

"मधे कुमक आली."

बुरुजाच्या अर्ध्या भिंतीवर पाणकावळे पंख पसरून उभे होते, धुतलेले कोट वाळत घातल्यासारखे. खाली दगडी पायऱ्या पाण्यात उतरत गेल्या होत्या. सहावी पायरी हिरवी दिसे, नववी असावी असं वाटे. दहावीपासून पुढचा सगळा इतिहास सासऱ्यांच्या स्वाधीन होता.

"या पायऱ्यांवरून राणी अंघोळीला उतरायची."

"इतक्या थंड पाण्यात?"

"म्हणून तर एकच राणी झाली. पुढच्यांनी राजाला आधी पाण्याचंच विचारलं."

ऊन वर आलं. जावयाने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं, जाकीट काढून पायाशी टाकलं आणि पुन्हा वल्हवायला लागला. सात-आठ फटके झाले असतील. मागून आवाज येईना.

सासरे त्याच्या पाठीकडे बघत होते. मागे बसणाऱ्याला पुढच्याची पाठच तेवढी दिसते, आणि ही पाठ त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. हाच निळा स्वेटर. उजव्या खांद्याच्या मागे शिवण उसवलेली, त्यातून शर्ट डोकावणारा. दोन वर्षांत चार फेऱ्या त्यांनी त्या भोकाकडे बघत काढल्या होत्या. सांगायचं दरवेळी राहून जाई. स्वतःच्या पाठीवरचं भोक माणसाला दिसत नाही. ते दिसायला मागे कुणीतरी लागतं.

आज तिथे भोक नव्हतं. बारीक, एकसारखे टाके होते. दोरा निळाच, पण जरा गडद. शिंप्याने रंग जुळवला असता. हा दोरा घरातल्या डब्यातला होता. होता तो निळा घेऊन, उजेडाकडे तोंड करून कुणीतरी ओवलेला.

सासऱ्यांनी वल्हं पाण्यात धरून ठेवलं. त्यांच्यावरही एक काम होतं. काल रात्री सासूबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं होतं, "उद्या होडीत सांगाच त्यांना. दुसरं लग्न करा म्हणावं. आपण मनात काही धरणार नाही." त्या दोघांचं यावर दोन महिने बोलणं चाललं होतं. दोन महिने खपून त्यांनी मन मोठं केलं होतं. आणि इथे ते मोठं मन ठेवायला जागाच नव्हती. कुणीतरी सुईदोरा घेऊन आधीच बसलं होतं.

"बाबा," पुढून आवाज आला. "मला तुम्हाला एक—"

"शू. पाणमांजर."

खरोखरच होतं. बेटाच्या कडेच्या खडकावर उताणं पडून ते मासा खात होतं. डोक्याकडून सुरुवात करून, कसलीही घाई न करता. मासा संपला तसं त्याने दोघांकडे एकदा पाहिलं आणि पाण्यात सरकलं. पाण्यावर साधा तरंगही राहिला नाही.

"हां," सासरे म्हणाले. "तुम्ही काही म्हणत होतात. पण आधी माझं ऐका. मोठा मी आहे."

"बोला."

"आमचं दोघांचं एक म्हणणं आहे. तुम्ही आता लग्न करावं."

जावयाचं वल्हं थांबलं. असल्या होडीत पुढच्याला मागे वळून बघता येत नाही. वळला तर दोघंही पाण्यात. तो समोर बघत राहिला.

"आमच्या मनात काही नाही," मागचा आवाज पाण्याची उंची सांगावी तसा सांगत होता. "आणि केलंत म्हणून यायचं थांबवायचं नाही. दोघांनी यायचं. वरची खोली आहेच. हिने गादीसुद्धा पिंजून आणायचं ठरवलंय, आता बोला."

आता तो सांगू शकत होता. एका वाक्याचं काम होतं. त्याने वल्हं पाण्यात घातलं आणि एक फटका मारला, मग आणखी एक, मग आणखी, सगळे उजवीकडूनच. होडी हळूहळू वळत गेली. बुरूज गेला, पाणकावळे गेले, गावाकडचा काठ आला, लव्हाळं आलं, पुन्हा बुरूज आला. एक अख्खा फेरा झाला, पण मागून कुणी 'डावीकडे' म्हणालं नाही.

"विचार करतो, बाबा," अखेर जावई म्हणाला. त्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा आला.

"करा. सावकाश करा."

त्यानंतर काठापर्यंत सासऱ्यांनी एकही सैनिक वाढवला नाही.

घरी आल्यावर जावई बॅग भरायला वर गेला. सासूबाईंनी जिन्याकडे एकदा पाहून घेतलं आणि गॅस बारीक केला.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"विचार करतो म्हणाले."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्या जरा हसल्याही. "आता मागे लागू नका हो त्यांच्या. वेळ लागेल बिचाऱ्यांना."

"लागेल," सासरे म्हणाले, आणि पायातले ओले मोजे काढून पिळायला आत गेले.