मतदानानंतरचं बाळंतपण

स्टुटगार्टमधल्या एका चढाच्या रस्त्यावर, तिमजली घरात अरुंधती आणि तिचा नवरा रमेश वरच्या मजल्यावर राहत होते. त्यांच्या खाली तामिरा आणि योनास. योनास इथलाच. तामिरा तार्वियाची. त्या लहानशा डोंगराळ देशात निवडणुकीतल्या लबाडीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा शेकडो पोरं तुरुंगात गेली. त्यांत तामिराचा धाकटा भाऊ होता. तो सुटून आला, पण आता घराबाहेर पडत नव्हता.

तामिराला सातवा लागला होता. तिची आई बाळंतपणाला येणार होती. व्हिसा हातात, तिकीट काढलेलं. माहेरचं माणूस येणार म्हणून अरुंधतीलाच जास्त आनंद झाला होता. तिची लेक स्पृहा झाली तेव्हा तिची स्वतःची आई येऊ शकली नव्हती. पहिले दोन महिने कसे गेले ते तिचं तिलाच माहीत.

स्पृहा आता बर्लिनला होती. परराष्ट्र समितीवरच्या एका खासदारबाईंच्या ऑफिसात काम करायची. रविवारी तिचा फोन आला.

"आई, आल्झो, म्हणजे असं बघ, तार्वियाबद्दलचा कायदा संसदेत, बुंडेसटागमध्ये येतोय. त्यांच्याशी असलेल्या सगळ्या संबंधांचा फेरविचार होणार. तुरुंगात छळ करणाऱ्या अधिकाऱ्यांवर निर्बंधही. त्यांना इथे यायला बंदी, इथली खाती गोठवायची."

"मग बरंच झालं की."

"त्यांच्या सरकारनं धमकी दिलीय. कायदा झाला तर सगळ्या सरकारी नोकरांचे पासपोर्ट काढून घेणार."

तामिराची आई सरकारी शाळेत शिकवायची. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तिला रजा मिळणार नव्हती, म्हणजे मतदानाआधी निघणंही शक्य नव्हतं.

"अगं, मग मतदान थोडं पुढे ढकला. पोरीचं बाळंतपण तरी उरकू दे. तुझ्या बाईंच्या कानावर घाल."

"आई, तुरुंगात अजून पोरं आहेत. त्यांनी किती थांबायचं, ते तामिरालाच विचार."

अरुंधतीला राग आला. एवढं शिकवलं, आणि शेजारणीसाठी एक शब्द टाकता येत नाही! ती तशीच जिना उतरून खाली गेली. तामिरा बाळाचे कपडे वाळत घालत होती. अरुंधतीनं तिला सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे," तामिरा म्हणाली. "मागच्या महिन्यात मी बर्लिनला गेले होते ना? समितीसमोर बोलायला. भावाचं काय केलं ते सगळं सांगितलं."

"आणि आई?"

"जाण्याआधी तिला फोन केला. म्हटलं, मी बोलले तर तुझं येणं राहील कदाचित. ती म्हणाली, माझ्या एका लेकराला लोकांनी एकटं सोडलं, तू सोडू नकोस." तामिरानं एक टोपडं झटकून दोरीवर टाकलं. "मग ती रडली. मीही."

अरुंधतीनं टोपलीतले उरलेले कपडे उचलले आणि ती ते वाळत घालू लागली.

मतदानाच्या दिवशी तामिरा आणि योनास वर येऊन बसले. टीव्हीवर भाषणं चालली होती. कायदा मंजूर झाला तेव्हा योनासनं तिचा हात हातात घेतला. तामिरा हसली नाही. तिनं भूक लागली म्हणून सांगितलं, आणि अरुंधतीनं केलेला मऊ भात तूप घालून पोटभर जेवली.

तार्वियानं बोलल्याप्रमाणे केलं. आठवड्याभरात तिच्या आईचा पासपोर्ट शाळेतच जमा करून घेतला.

"आता मी आहे," अरुंधती तामिराला म्हणाली. अगं, आम्हालाही जरा विचारायचं, असं रमेश गमतीनं म्हणाला खरा, पण डिंक आणि अळीव शोधायला शहरभर तोच हिंडला.

जूनमध्ये मुलगी झाली. अरुंधती रोज सकाळी खाली जायची. अळिवाची खीर, तूप घातलेली मुगाची खिचडी, दुपारी बाळाला घेऊन बसणं. घरी तपासायला येणारी हेबामं, म्हणजे सुईणबाई, बाळाच्या तेलाच्या वाटीकडे बघून भुवया उंचावायची. तिनं कमी तेल लावा म्हटलं की अरुंधती "हो, हो" म्हणायची. नंतर खरंच थोडं कमी लावायची.

तामिराची आई फोनच्या पडद्यावर असायची. ती तार्वियनमध्ये बोलायची, तामिरा जर्मनमध्ये सांगायची. दोघी आज्यांचं बऱ्याच गोष्टींवर पटायचं नाही.

एका शनिवारी स्पृहा आली. आईशी फोनवर झालेलं बोलणं तिच्या मनात असावं. खाली जाताना ती जिन्यातच थांबली.

"आई, तू अजून रागावली आहेस?"

"तुझ्यावर नाही गं. तेव्हा होते."

स्पृहानं बाळाला हातात घेतलं आणि अवघडून तामिराला म्हणाली, "निर्बंधांच्या यादीत त्या तुरुंगाचा प्रमुखही आहे. पण पासपोर्ट कधी परत देतील, ते आम्हाला कुणालाच सांगता येत नाही."

तामिरानं मान हलवली आणि फोनकडे वळून आईला ते सांगितलं. आईनं डोळे पुसले. मग ती काहीतरी भराभरा बोलली आणि तामिरा खुदकन हसली.

"काय म्हणाल्या?" अरुंधतीनं विचारलं.

"म्हणते, बाळाला दुपट्यात बांधलंय ते पार सैल आहे. तुम्हाला नीट शिकवते म्हणाली."

अरुंधतीनं स्पृहाच्या हातातून बाळ घेतलं, पलंगावर ठेवलं, दुपटं सोडलं.

"विचार त्यांना," ती म्हणाली, "आधी डावी बाजू की उजवी?"