सात मिनिटं पुढचं विद्यापीठ

त्या दिवशी मी इतकी खुशीत होते की लिफ्ट बंद असूनही कुणाला शिव्या न घालता चार जिने चढून विद्यापीठाच्या संगणक विभागात पोचले. आठ महिने ज्याच्यापायी डोकं फोडलं, ते अकरा वाजता सुरू होणार होतं. सहा विद्यापीठं आणि दोन सरकारी विभाग, आणि सगळ्यांत मिळून माणसाची ओळख एकच.

सांगायला सोपं आहे हो, करून बघा. पूर्वी आमच्या संशोधकाला आरोग्य विभागाच्या नोंदी बघायच्या असल्या, की कागदावर अर्ज करा, पाच टेबलांवरून शिक्के गोळा करा, मग तिकडचा वेगळा पासवर्ड मिळवा आणि पंधरा दिवसांत विसरा. आता माणसानं फक्त आपल्या विद्यापीठाचा नेहमीचा पासवर्ड टाकायचा. विद्यापीठ तो तपासतं आणि विभागाला एक सही केलेली चिठ्ठी पाठवतं, की हा माणूस आमचा आहे. विभाग त्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि दार उघडतो. पासवर्ड घराबाहेर जातच नाही. हे सगळं संगणक आपापसात करतात, तुमचं पातं लवायच्या आत. पण त्याआधी आठ भांडकुदळ कार्यालयांना एकमेकांच्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार करावं लागतं, आणि त्यात माझे निम्मे केस पांढरे झाले. उरलेले निम्मे वन्संमुळे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या मुलांवर एकोणीस वर्षं काम करतायत, आमच्याच विद्यापीठात. एकोणीस वर्षं हंगामी. दर वर्षी नवा करार, दर वर्षी नवी खुर्ची, तीही कुणीतरी टाकून दिलेली. त्यांना हव्या होत्या आरोग्य विभागाकडच्या जन्मनोंदी. त्या मिळाल्या तर कुठल्या भागात अशी मुलं जास्त जन्मतात आणि का, हे त्यांना सिद्ध करता येणार होतं. अर्ज वर्षातून एकदाच घेतात. नऊ वेळा त्यांनी अर्ज केला आणि नऊ वेळा तो आमच्याच इमारतीतून परत आला, कारण त्यावर एक चौकोन असतो: 'अर्जदार विद्यापीठाचा सदस्य आहे.' हंगामी माणसाच्या अर्जावर त्या चौकोनात आमचे कुलसचिव फुली मारतात. पुढच्या वर्षी वन्सं साठीच्या होणार, करार संपणार. म्हणजे जे काय व्हायचं ते यंदा.

आणि यंदा मी छाती पुढे काढून सांगितलं होतं, "वन्सं, कागदाच्या नादी लागू नका. नव्या व्यवस्थेत हजेरीपटावर नाव असेल तो प्रत्येकजण सदस्य. आठ कार्यालयांच्या करारात मी ते वाक्य भांडून घालून घेतलंय. शेवटच्या दिवशी अकराला सुरू होईल, बाराला मुदत संपेल. एक तास रग्गड झाला." कागदी अर्जाची मुदत आदल्या संध्याकाळी संपली. वन्संनी अर्ज दिला नाही. माझ्या भरवशावर.

आमचे हे मला सकाळी दारात म्हणाले, "आज काही बिघडलं ना, तर मी ताईच्या बाजूनं आहे. आधीच सांगून ठेवतो." मी म्हटलं, तुम्ही लग्नापासून तिकडेच आहात, त्यात नवीन काय.

तर अकरा वाजले. वन्सं माझ्या शेजारच्या संगणकावर बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, चष्मा दोनदा पुसलेला, अर्जाची सगळी उत्तरं एका फाइलमध्ये तयार. पासवर्ड टाकला. आमचं पान आलं, गेलं, आरोग्य विभागाचं पान आलं, आणि त्यावर लाल अक्षरं: 'हा संदेश अद्याप वैध नाही.'

"अद्याप म्हणजे?" वन्संनी विचारलं. मी म्हटलं, पुन्हा करून बघा. पुन्हा तेच. माझ्या नावानं केलं, तेच. दुसऱ्या संगणकावरून केलं, तरी तेच. माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण चेहरा मी अगदी गोड ठेवला, कारण वन्सं माझ्याकडे बघत होत्या.

फोन उचलला. पलीकडे आरोग्य विभागाचा अभियंता. आठ महिने रोज बोलतोय, एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. मी त्याला दादा म्हणते, तो मला ताई.

"दादा, आमच्या चिठ्ठ्या परत येतायत. तुमच्याकडे काय दिसतंय?"

"बघतो, ताई." बराच वेळ नुसती टकटक ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "बाकी पाचही विद्यापीठं आत आली. फक्त तुम्हीच अडकलात. तुमच्या शेवटच्या चिठ्ठीवर वेळ आहे अकरा एकोणतीस."

"मग बरोबर आहे. माझ्या पडद्यावर आत्ता अकरा तीस झालेत."

"माझ्याकडे अकरा तेवीस झालेत, ताई. म्हणजे तुमची चिठ्ठी अजून लिहूनच व्हायची आहे. न लिहिलेली चिठ्ठी मी कशी वाचू?"

"अहो दादा, ती आमची वेळ आहे."

"तुमची वेळ म्हणजे? वेळ काय तुमची-आमची असते?"

मी कपाळाला हात लावला. सांगायची सोय नव्हती, पण सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी आमच्या कुलसचिवांनी फर्मान काढलं होतं: लोक उशिरा येतात, तेव्हा विद्यापीठाची सगळी घड्याळं सात मिनिटं पुढे ठेवावीत. भिंतीवरची ठेवली. मग कुणीतरी म्हणालं, संगणकात तर खरी वेळ दिसते. मग फर्मानाला पुरवणी आली, आणि मुख्य सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं पुढे केलं गेलं. कुणी केलं? मीच केलं, या दोन हातांनी. पहिला महिना सगळे वेळेवर आले. दुसऱ्या महिन्यापासून सगळे मनातल्या मनात सात वजा करायला शिकले आणि पूर्वीसारखेच उशिरा यायला लागले. पण घड्याळं तशीच राहिली. लोक कुलसचिवांना पाठीमागे 'सातमिनिटे' म्हणतात, आडनाव असल्यासारखं. एका नव्या प्राध्यापकांनी एकदा खरंच पत्रावर तसं लिहिलं होतं.

आमचं आमच्यात कधी अडलं नाही. सगळेच सारखे पुढे, कुणाला काय कळणार? बाहेरच्या कुणाला वेळ लिहून द्यायची पाळी त्या दिवशी पहिल्यांदाच आली.

"पण चाचणीत तर चाललं होतं," मी म्हटलं.

"चाचणीत घड्याळांच्या फरकाला दहा मिनिटांची सूट होती. आज सकाळी ती दोनवर आणली. नियमच तसा आहे."

"मग आजच्या दिवस पुन्हा दहा करा ना. एवढं करा माझ्यासाठी."

"केलं असतं, ताई. पण आज सुरुवात म्हणून सगळं कुलूपबंद आहे. तीन साहेबांच्या सह्या लागतात, आणि तिन्ही साहेब उद्घाटनाला गेलेत. या व्यवस्थेच्याच. फोन बंद करून पहिल्या रांगेत बसलेत."

हसावं की रडावं कळेना. म्हणजे आमचं घड्याळ मलाच खरं करायला हवं. ते एका ओळीचं काम. पण त्याच घड्याळावर खाली संगणक कक्षात तीनशे मुलांची परीक्षा चालू होती, बारापर्यंत. मधेच घड्याळ मागे ओढलं, तर उत्तरांच्या नोंदींचा असा विचका होईल की तीनशे पालक माझ्या दारात येतील. परवानगीशिवाय हात लावणं शक्य नव्हतं.

"वन्सं, तुम्ही हलू नका," म्हटलं आणि जिन्यानं खाली पळाले. वन्सं हलल्या. माझ्या मागून आल्या, साडीच्या निऱ्या धरून, साठीला टेकलेल्या बाई, एक पायरी सोडून एक.

कुलसचिव फाइल वाचत होते. मी एका दमात सगळं ओकून टाकलं, माझी चूक, त्यांचं फर्मान, चिठ्ठी, मुदत. धापेमुळे अर्धं कळलं नसेल त्यांना. त्यांनी चष्मा काढला.

"परीक्षा चालू असताना घड्याळाला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"साहेब, एका माणसाच्या एकोणीस वर्षांचा प्रश्न आहे."

"आणि तीनशे माणसांच्या एका वर्षाचा. परीक्षा बाराला संपेल, मग खुशाल करा."

"बाराला मुदतही संपतेय ना, साहेब." माझा आवाज चढला. मला माहीत आहे माझा आवाज चढला की खालच्या मजल्यावरचे लोक दारं लावून घेतात. "परीक्षाही बाराला, मुदतही बाराला. मग मी करू कधी?"

वन्संनी माझ्या दंडाला हात लावला. "जाऊ दे गं," त्या म्हणाल्या. एवढंच. नऊ वेळा परत आलेल्या माणसाचा आवाज होता तो, त्यात राग उरलेलाच नव्हता. मला इतकं वाईट वाटलं की मी खाली बघत राहिले. मीच यांना कागदी अर्ज करू दिला नव्हता. उद्या जेवायला बसल्यावर यांच्याकडे बघायचं कसं?

"बाई," कुलसचिव म्हणाले, "तुमच्या लक्षात येत नाहीये. परीक्षेचे बारा आपल्या घड्याळात वाजतात. मुदतीचे बारा त्यांच्या घड्याळात. आपले बारा त्यांच्याआधी सात मिनिटं वाजतात."

अकरा वर्षं ज्या माणसाची टिंगल केली, त्यानं उभ्या उभ्या मला गणित शिकवलं.

"सात मिनिटांत होईल?" त्यांनी विचारलं.

"होईल," मी म्हटलं. होईल की नाही, देवाला ठाऊक.

पुन्हा चार जिने. या वेळी आमच्या मागे कुलसचिवही होते. मी फोन कानाला लावला. "दादा, ऐका, मी त्रेपन्नला घड्याळ मागे घेतेय."

"कुणाच्या त्रेपन्नला, ताई? तुमच्या की माझ्या?"

"तुमच्या, हो. इथून पुढे सगळं तुमच्याच."

आज्ञा लिहून ठेवली, बोट कळीवर. शेवटची तीन मिनिटं काही केल्या सरेनात. एकदाचे पडद्यावर आमचे बारा झाले. खालच्या कक्षातून निरोप आला, तीनशे उत्तरपत्रिका जमा. मी कळ दाबली. पडद्याच्या कोपऱ्यातले बारा गेले आणि तिथे अकरा त्रेपन्न आले. ओळख देणारा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा होता, त्याला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं मी पडद्याशी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुलसचिवांनी खिडकीबाहेर बघितलं.

अकरा छप्पन्न. "टाका," मी म्हटलं.

वन्संनी पासवर्ड टाकला. चुकला. "सावकाश," मी म्हटलं, आणि स्वतः मात्र खुर्चीची पाठ गच्च धरली. दुसऱ्यांदा टाकला. आमचं पान आलं, गेलं. विभागाचं पान आलं. लाल काही नाही. वन्संचं पूर्ण नाव, त्याखाली आमच्या विद्यापीठाचं नाव, आणि त्याखाली एक ओळ: 'विद्यापीठाशी नातं: सदस्य.'

"ताई, आली चिठ्ठी," फोनमधून दादा ओरडला. "आली, उघडली, आत आल्या."

पण वन्सं हलेनात. त्या ओळीकडे बघत बसल्या. मिनिटाला सोन्याचा भाव आणि या वाचत बसलेल्या.

"वन्सं, पुढे चला. नंतर डोळे भरून बघा, आधी फाइल चढवा."

त्यांनी फाइल चढवली. एक रकाना राहिला होता तो भरला. 'सादर करा'वर बोट ठेवलं. पान गोल गोल फिरत राहिलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या बहिणीचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. अकरा एकोणसाठला अर्ज क्रमांक आला. दादानं तिकडून वाचून दाखवला, आम्ही इकडून. तोच होता.

मी तिथेच जमिनीवर बसले. खरंच बसले, कामाच्या जागी, कुलसचिवांसमोर. हसू येत होतं आणि थांबत नव्हतं. दादा फोनवर "हॅलो, हॅलो" करत होता.

वन्संनी मात्र मागे जाऊन ते आधीचं पान पुन्हा उघडलं. त्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि मान वळवून कुलसचिवांकडे बघितलं, ज्यांनी नऊ अर्जांवर, त्याच चौकोनात, नऊ फुल्या मारल्या होत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या विद्यापीठाला मी माहीत आहे."

कुलसचिवांनी वाकून ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"आपल्या," ते म्हणाले. "आपल्या विद्यापीठाला."