केनियाच्या शिलिंगला लावलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फूटपट्टी आहे, आणि खरं सांगायचं तर भारी जळकी आहे.

माझा जन्म सांगलीच्या एका सुताराकडे झाला. भूमितीत पैकीच्या पैकी मिळाले म्हणून शाळेतल्या बाईंनी मला सरिताच्या हाती दिलं. तेव्हापासून पुण्याचं कॉलेज काय, जर्मनीतलं एश्बॉर्न काय, मी कायम तिच्याबरोबर. इथे एका बँकेत ती केनियाच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास करते. आलेख छापायचा, मला त्यावर ठेवायचं आणि पेन्सिलीने रेघ ओढायची, ही तिची सवय. "माझी पट्टी म्हणजे माझा उजवा हात," असं ती म्हणायची तेव्हा मी फुलून जायचे.

मग घरात लॅपटॉप आला. मेला नुसता चकचकीत! सरिता त्याला मऊ फडक्याने पुसायची, आणि माझ्याने पाठ खाजवायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

जानेवारी २०२४ची गोष्ट. केनियाचा शिलिंग महिनोन्‌महिने घसरत होता. एका डॉलरला एकशे साठ मोजावे लागत. वर्षअखेरीचा अंदाज द्यायचा होता, आणि तो बरोबर आला तर केनियाचं काम कायमचं सरिताकडे येणार होतं. लॅपटॉपने डॉलरच्या भावाची रेघ खाली वळवली: जूनमध्ये फेडायच्या परदेशी कर्जाची सोय लागली, तर डॉलर स्वस्त होईल. फोनवर तिचा सहकारी मयुरेशही तेच म्हणाला.

"अरे, पट्टी लावली की दिसतंय ना सरळ!" असं म्हणून तिने मला कागदावर ठेवलं.

आता माझं पाप ऐका. माझी एक कड झिजलेली आहे, त्यामुळे लांब रेघ ओढताना मी हमखास निसटते. आकडे संपून पुढे कोरा कागद होता, आणि तिथलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. निसटले असते तर ती थांबली असती, तिने पुन्हा विचार केला असता. पण त्या लॅपटॉपची जिरवायची म्हणून मी कागदाला घट्ट धरून बसले. रेघ सरळ एकशे नव्वदवर गेली.

फेब्रुवारीत केनियाने नवं कर्ज काढून जुन्याची सोय केली, गुंतवणूकदारांची धास्ती ओसरली, आणि बघता बघता डॉलर एकशे तीसच्या आसपास आला. केनियाचं काम मयुरेशकडे गेलं. सरिताने मला खणात टाकलं. तिथे मी लॅपटॉपच्या नावाने बोटं मोडत पडले, पण चूक माझीच होती.

परवा तिच्या लेकीने, अन्वीने, मला बाहेर काढलं. शाळेसाठी घेवड्याचं रोप रोज मोजायचं होतं. शेजारी सरिता फोनवर मयुरेशला सांगत होती, "शिलिंग टिकलाय, व्याजदर उतरलेत, पण कराचा मोठा वाटा अजून कर्जाच्या व्याजातच जातोय. आल्झो, म्हणजे थोडक्यात, पुढचं मी छातीठोकपणे नाही सांगणार."

इकडे अन्वीने सात दिवसांचे ठिपके जोडले आणि रेघ तशीच पुढे न्यायला लागली. तिच्या हिशेबाने रोप छताला भिडणार होतं! लॅपटॉप समोरच उघडा होता. पुन्हा घट्ट धरून बसावं, असं अगदी मनात आलं. पण मी निसटले.

"मामा, दी रुट्श्ट!" पट्टी घसरते म्हणून अन्वीने आईकडे जर्मनमध्ये कुरकुर केली.

सरिताने फोन ठेवला. कितीतरी दिवसांनी तिने मला हातात घेतलं, झिजलेली कड अंगठ्याने चाचपली.

"घसरू दे गं," ती म्हणाली. "सातच दिवस मोजलेस ना? आठवा उद्या मोज."

मित्रांनो, आम्हा जुन्या पट्ट्यांना ओलीपासून जपा, खणात विसरू नका. पण कोऱ्या कागदावर आमच्या भरवशावर राहू नका. आम्ही हेव्यापोटीही सरळ राहतो.