टीव्हीचं तोंड

महिपतीने टीव्ही भिंतीपासून हातभर पुढे ओढला, मागचं पुठ्ठ्याचं झाकण सोडवलं आणि आत बॅटरीचा झोत टाकून बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग उठून पुढे आला. पडद्यावर बातम्या चालू होत्या. बातम्या देणारी बाई काळीपांढरीच दिसायला हवी होती, पण तिचा एक गाल हिरवट झाला होता, पदरावर गुलाबी डाग पडला होता आणि वरचा कोपरा निळसर झाकोळला होता.

"तुम्हालाही दिसतंय का ते?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"दिसतंय की. गाल हिरवा आहे."

बाई खुर्चीत सावकाश टेकल्या. जाड भिंगांचा नवा चष्मा त्यांनी काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"मला वाटलं, डोळ्यांतच राहिलंय काहीतरी. तीन दिवस कोणाला बोलले नाही."

वत्सलाबाई दिघे पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्तीनंतर लोणावळ्याच्या या बंगल्यात एकट्याच राहत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन महिने पुण्याला बहिणीकडे होत्या. टीव्ही त्यांच्या मुलाने जर्मनीहून बोटीने पाठवलेला, रंगीत. तेव्हा आपल्याकडे रंगीत कार्यक्रम लागतच नव्हते. पण काळंपांढरं चित्र त्यात सुरेख दिसे. महिपती मूळचा सोमाटण्याचा. फौजेत सिग्नलमध्ये नोकरी करून आल्यावर त्याने बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. रंगीत ट्यूब त्याने आजवर फक्त पुस्तकात पाहिली होती.

"तुमचे डोळे चांगले आहेत, बाई," तो म्हणाला. "रोग टीव्हीला झालाय."

बाई हसल्या. औषधाचे थेंब घालायची वेळ झाली म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या. जाताना पाऊल जरा हलकं पडत होतं.

मागचा स्क्रू नीट दिसेना म्हणून महिपतीने टीव्ही थोडा वळवला. पडद्यावरच्या बाईचा गाल फिका झाला. तो थांबला. आणखी थोडा वळवला. मग आणखी. टीव्हीचं तोंड मागच्या खिडकीकडे झालं आणि हिरवा, गुलाबी, निळा, सगळेच डाग निघून गेले. चित्र असं स्वच्छ झालं की कपाळावरची टिकली वेगळी उठून दिसू लागली.

त्याने खाली पाहिलं. टीव्हीखालच्या टेबलाच्या पायांनी फरशीवर चार वाकडे ओरखडे काढले होते. ते एका दिवसाचे नव्हते. खिडकीबाहेरच्या पडवीत खाट होती आणि खाटेवर प्लॅस्टर घातलेला पाय उशीवर ठेवून नवसू पडला होता. बाईंचा माळी. महिपतीची नजर जाताच त्याने मान फिरवली आणि समोरच्या फणसाकडे बघत बसला.

"मीच फिरवीत हुते, भाऊ." दारात नवसूची बायको सारजाबाई चहाचा कप घेऊन उभी होती. "बाई जाताना म्हणल्या, दमट हवा हाय, रोज तासभर टीव्ही लावत जा. लावत हुते. ह्यो तितं एकलाच पडलेला. भाताचं काय काय दाखवत्यात, ते त्याला बघायचं असतं."

"मग आत आणायचं त्याला."

"बाईंच्या दिवाणखान्यात खाट टाकायची व्हय? त्योच न्हाई म्हणला. बाई आल्या तवापास्नं भितीशी सरकवलाय. तवापास्नंच ह्ये रंग." तिने कप खाली ठेवला. "आमच्या हातनं मोडला का, भाऊ?"

"न्हाई मोडला."

"लय महागाचा आसंल."

"मोडला न्हाई म्हणतो ना, सारजाबाई. उद्याच्याला हुईल नीट."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला तेव्हा त्याच्या हातात तांब्याच्या तारेचं परातीएवढं कडं होतं. वत्सलाबाईंनी ते उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "मला समजावून सांगा. मी पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलंय."

महिपती उकिडवा बसला. काचेच्या मागे लोखंडी पत्र्याची एक चाळण असते, त्याने सांगितलं. तिला बारीक बारीक लाखो भोकं. मागून तीन झोत येतात, लाल, हिरव्या नि निळ्या ठिपक्यांचे. ज्याने त्याने भोकातून आपल्याच ठिपक्यावर पडायचं. तिन्ही बरोबर पडले की पांढरं पांढरं दिसतं. पण पृथ्वी होकायंत्राची सुई ओढते तशी या झोतांनाही जराशी ओढते, आणि केसभर सरकलं तरी झोत शेजारच्याच ठिपक्यावर जातो.

"आणि टीव्ही फिरवला की ओढ बदलणार," बाई म्हणाल्या.

"होय. टीव्ही लावताना आतली एक गुंडाळी चाळणीला त्या जागेशी पुन्हा जुळवून घेते. तिचा एक पुर्जा जळलाय. तो जर्मनीहूनच मागवावा लागेल. तोवर हे कडं हाताने फिरवून जुळवता येईल. पण एकदा जुळवलं की टीव्ही तिथून हलवायचा नाही."

"मग भिंतीशीच जुळवा. माझी खुर्ची तिथे समोर असते."

दारात उभ्या असलेल्या सारजाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. महिपतीने कडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"खिडकीकडे तोंड केलं तर जास्त बरं दिसेल, बाई."

"भिंतीशी दिसणार नाही का?"

त्याला खोटं बोलवेना. "दिसेल."

"मग जास्त बरं कुणाला दिसेल?"

 वाकून महिपती कड्याच्या वायरचा पीळ सोडवू लागला. वत्सलाबाईंनी फरशीकडे पाहिलं. मान थोडी पुढे घेऊन, नव्या चष्म्यातून, एक एक ओरखडा वाचल्यासारखा त्यांनी पाहिला आणि नजर खिडकीबाहेरच्या खाटेवर नेली. मग त्या उठल्या. आपली वेताची खुर्ची त्यांनी दोन्ही हातांनी धरली आणि ओढत खिडकीशी नेली. महिपती मदतीला धावला, पण तोवर त्या बसल्याही होत्या.

"लावा," त्या म्हणाल्या.

त्याने टीव्ही खिडकीकडे वळवला. कडं पडद्यासमोर धरून गोल फिरवू लागला. चित्रातली माणसं रंगांच्या लाटांत बुडाली, सारजाबाई एक पाऊल मागे सरली. कडं फिरवत फिरवत तो मागे मागे आला, पार दारापर्यंत, आणि मग त्याने कड्याचं बटण बंद केलं. पडद्यावर एक म्हातारा शेतकरी रोपांची जुडी हातात घेऊन काही सांगत होता. पांढरा फेटा. कुठे एक डाग नाही.

बाईंनी थोडा वेळ पाहिलं.

"सारजा, या खिडकीची जाळी काढ बरं."

"डास येत्याल, बाई."

"येऊ देत. जाळीतून काय दिसतंय त्याला?"

सारजाबाई जाळीशी झटू लागली. लाकूड फुगलं होतं, चौकट हलेना.  मग बाहेरून, खाटेच्या बाजूने, नवसूचा अवघडलेला आवाज आला.

"खालची खिट्टी आदी वढ. वरची दमानं."