देवीच्या तोंडून

तीळ कापायचा तर सकाळचं दंव असेपर्यंतच. ऊन चढलं की बोंडं तडकतात आणि दाणा मातीत जातो. हे पक्कं ठाऊक असूनही सिमरियाच्या त्या वावरात दोघी जावा विळे टाकून भांडत होत्या, आणि काशी नावाची, तिथल्या काछी जातीची मजूर पेंढी पोटाशी धरून दोघींकडं आळीपाळीनं बघत होती.

"अक्का, तुमी एकदा बोला. तुमचे मालक हायत," सुलोचना म्हणाली. ती धाकटी.

"मालक हायत म्हनूनच न्हाई बोलत." शांताबाईंनी पदरानं घाम पुसला. "माज्या विमीच्या टायमाला म्या पाय धरले हुते. म्हनले, बुढ्याला देऊ नका, दुसरेपनावर देऊ नका. काय झालं? बाळंतपनात गेली पोर. मला खबर आली ती बी तेरवीच्या बाद. आता तुज्या लीलीसाठी कोनाचे पाय धरू?"

"म्हंजे माझी बी पोर जाऊ दे?"

"म्या असं म्हनले का?"

"मग काय म्हनताय?"

विळा उचलून शांताबाईंनी तिळाच्या ताटांवर असा राग काढला की पाच-पन्नास बोंडं जागच्या जागी फुटली.

प्रकरण असं होतं. दोघींचं घर शिलेदाराचं. पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले, ग्वाल्हेरच्या चाकरीत लढले, त्यांना ग्वाल्हेरजवळच्या लष्कर या शहरापासून काही कोसांवर सिमरियात जमीन मिळाली. घोडी गेली, भाले गंजले, पण ग्वाल्हेरच्या महाराजांच्या दसऱ्याच्या स्वारीत या घरचा एक स्वार चालायचा, तेवढा मान उरला होता. तेव्हा घराचे कर्ते असलेल्या थोरल्या आबांच्या हातून एका साली काही चूक झाली आणि तोही गेला. तेव्हापासून शांताबाईंचे मालक कान्होजी यांना झोप नव्हती. जमीन पिकली काय, न पिकली काय, त्यांना पुन्हा स्वारीत घोड्यावर बसायचं होतं. लष्करात एका सरदाराच्या पागेवर पांडुरंगराव म्हणून कारभारी होते. पन्नाशीचे, दोन बायकांना अग्नी देऊन मोकळे झालेले. ते म्हणाले, "आमच्या सरदारांच्या तुकडीत तुम्हांला घोडं देतो. आपण सोयरे झालो तर हक्कच आहे तुमचा." कान्होजींनी धाकट्या भावाची लीली देऊन टाकली. पोर चौदाची. तिच्या बापाला, रघुनाथरावांना, विचारलं ते सुपारी फोडायचा दिवस ठरल्यावर, आणि रघुनाथराव म्हणाले, "दादा म्हणतील तसं." या माणसानं जन्मात दुसरं काही म्हटलेलं नव्हतं.

कान्होजी लष्करच्या टोपी बाजारात जाऊन पगडी बांधून घेऊन आले आणि ती रोज सकाळी डोक्यावर चढवून आरशापुढं उभे राहू लागले.

आता कुणी म्हणेल, पोरीच्या आईनं जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, तोंडावर सांगायचं होतं. पण तिथंच तर सगळं अडलं होतं. दख्खनेत या घरच्या बायका घोड्यावर बसायच्या म्हणतात. इकडं आल्यावर शेजारच्या ठाकुरांच्या घरचा रिवाज बघितला आणि आपल्याही घरची अब्रू तशीच असावी असं वाटून यांनी तो उचलला. धाकट्या सुनेनं जेठापुढं तोंड उघडायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, आवाज तर मुळीच ऐकू द्यायचा नाही. जेवायला वाढताना सुलोचना बांगड्या वाजवायची, त्यावरून कान्होजी समजायचे की भाकरी आली. लग्न होऊन आली त्या दिवसापासून आजवर त्यांनी तिचा आवाज ऐकला नव्हता.

म्हणजे एका परीनं ऐकला होता. नवरात्रात.

नवरात्रात सुलोचनाच्या अंगात यायचं. लष्करहून गोंधळी यायचा, संबळ घुमायला लागलं की ती डोलायची, केस सुटायचे, घशातून जाडाभरडा आवाज निघायचा आणि तो आवाज कान्होजींना सरळ "कान्ह्या" म्हणायचा. बाराही महिने जिच्या सावलीकडं बघायचं नाही तिच्यापुढं कान्होजी नऊ दिवस पालथे पडायचे. आई, विहीर कुठं खणू? आई, बैल कधी घेऊ? सगळ्या गावात बोलबाला होता.

पहिल्यांदा आलं ते खरं होतं, असं सुलोचनाला वाटायचं. तिचा पाळण्यातला मुलगा गेला त्या वर्षी. घरात थोरले असताना मोठ्यानं रडायचं नाही म्हणून ती आठ दिवस पदराचा बोळा तोंडात धरून होती. मग घट बसले, संबळ वाजलं आणि जे कोंडलं होतं ते फुटलं. ती ओरडली. लोकांनी मळवट भरला, पायावर पाणी घातलं. त्यानंतरच्या वर्षांत देवी कधी आली, कधी आली नाही. न आलेल्या दिवशीही सुलोचनानं ती आणली, हे मात्र तिला आणि भिंतीलाच ठाऊक होतं. घरातली पडकी मोरी नीट झाली ती देवीनं सांगितलं म्हणून. लीली अक्षरं शिकली तीही देवीच्याच हुकमानं.

दुपारी बांधावर भाकरी खाताना काशी म्हणाली, "बहूजी, काहे इत्ती फिकर करतीं? अष्टमी को मैया से कहवाय दो. दादासाहब की का हिम्मत जो मना करें."

"तेच ठरलंय काशी. दुसरा रस्ता न्हाई."

लीली शेजारी बसून कांदा फोडत होती. ती खालमानेनं म्हणाली, "आई, देवी मला ओळखते का?"

"ओळखती की. का गं?"

"मग तू मला नऊ महिने पोटात धरलंस, तू का नाही सांगत? तिनं का सांगायचं?"

"गप बस. शानी झालीस लई." सुलोचना खेकसली खरी, पण तिचा घास तोंडातच राहिला.

त्या प्रश्नानं तिचा पिच्छा सोडला नाही. आपल्या पोटची पोर, आणि तिच्यासाठी नाही म्हणायचं तर उसना आवाज घ्यायचा. देवीच्या नावानं मोरी मागितली, पाटी मागितली, आज पोर मागायची. मग आपण म्हणून कोण उरलं? घुसळताना, दळताना तिला तेच सुचत राहिलं. देवी जर खरोखर अंगात येत असेल तर ती आतच कुठं तरी असणार, आणि आत असेल तर तिला साधं बोलायला काय होतं? घोगरा आवाज काढला म्हणजेच ती, आणि नेहमीच्या आवाजात बोललं की ती नाही, असं कुणी ठरवलं? सुलोचनाला या विचाराची आधी भीती वाटली. मग राग आला, आणि तो राग आपल्याला आवडतो आहे हे पाहून तिला आणखी भीती वाटली.

अष्टमीला दिवे लागले तसं अंगण भरलं. घटाभोवती गव्हाचे कोंब वीतभर झाले होते. ऊद जळत होता. कान्होजी नवी पगडी घालून पुढं बसले होते, कारण पांडुरंगरावांचा माणूस लष्करहून सुपारीचा निरोप पक्का करायला आला होता. आईचा कौल झाला की दसऱ्याला घोडं, असा त्यांचा हिशेब. रघुनाथराव खांबाआड होते, नेहमीसारखे.

संबळ सुरू झालं. सुलोचनाचे पाय सवयीनं हलायला लागले. डोकं जड झालं, मान फिरायला निघाली. तिनं खांब धरला आणि मान आवळून सरळ ठेवली. गोंधळ्याला वाटलं आपलंच काही चुकतंय, त्यानं जोर लावला. कापूर फिरला. लोक वाट बघत होते. सुलोचना डोलेना.

मग तिनं पदर मागं सारला. गॅसबत्तीचा उजेड तिच्या तोंडावर पडला आणि बायकांत कुजबूज झाली.

"संबळ थांबवा," ती म्हणाली. "देवी आलेली न्हाई. म्या बोलतेय. लीलीचं लगीन त्या घरात होनार न्हाई. पोर माजी हाय."

आवाज बारीक होता, जरा कापरा. कान्होजी इकडंतिकडं बघायला लागले.

"हे कोन बोललं?" त्यांनी विचारलं.

त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. इतकी वर्षं एका छपराखाली काढून त्यांना हा आवाज परका होता. रघुनाथराव खांबाआडून म्हणाले, "दादा, आमच्या... घरातली."

"अस्सं." कान्होजींनी श्वास सोडला. "म्या घाबरलो. म्हटलं आईच नाराज झाली काय. रघुनाथ, हिला आत ने, तबियत ठीक दिसत न्हाई. आणि पाहुणे, तुमी फिकर करू नका. दसऱ्याला सुपारी फुटनार."

"म्या न्हाई म्हनले," सुलोचना पुन्हा म्हणाली.

"चल गं. तमाशा नको," म्हणत रघुनाथरावांनी तिचं मनगट धरलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी काही घट्ट धरलं, तेही हे. तिनं हात हिसडला. कुणी तरी हसलं. मग बरेच जण हसले. काल हिच्याच पायाचं पाणी डोळ्यांना लावणारी माणसं ही. लीली उंबऱ्यात उभी होती आणि तिचं तोंड पांढरं पडलं होतं. सुलोचनाला कळून चुकलं की आपण खरं बोललो आणि पोर हातची घालवली.

तेवढ्यात ताट खणकन पडलं.

शांताबाईंच्या हातातलं आरतीचं ताट होतं ते. अंगानं जड, संधिवातानं आखडलेली बाई, पण अंगणाच्या मधोमध आली. अंबाडा सुटला होता. घटापुढचं लिंबू उचलून तिनं कचकन चावलं.

"कान्ह्या!"

कान्होजींच्या डोक्यावरची पगडी आपोआप खाली आली.

"पगडी पायजे तुला? पोर दिलीस तर पगडी ऱ्हाईल, खाली डोकं ऱ्हानार न्हाई."

"चुकलो आई. चुकलो." कान्होजी पालथे पडले. लष्करचा पाहुणा हळूच जोडे शोधायला लागला.

"विमी कुटं हाय?" शांताबाई विचारत होत्या. "सांग. माजी विमी कुटं ठिवलीस? सांग मला." त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. सुलोचना बघत होती. यातलं आणलेलं किती आणि आलेलं किती, हे तिच्याइतकं ओळखणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं, आणि तिलाही ते ओळखता आलं नाही.

कान्होजी उठले ते डोळे पुसत. त्यांनी हुकूम केला, घरातल्या सगळ्यांनी आईच्या पाया पडायचं. एकेक जण वाकला. सुलोचना उभीच राहिली. आताच कुठं आपल्या पायांवर उभी राहिली होती ती. पण ती वाकली नाही तर माणसं शंका घेणार, आणि शंका आली की लीली पुन्हा लष्करच्या वाटेला लागणार. लोक तिच्याकडं बघत होते.

ती वाकली. कपाळ टेकलं तेव्हा शांताबाईंचा हात तिच्या केसांवर आला.

"वाक," शांताबाई नेहमीच्या आवाजात पुटपुटल्या. "पोरीसाठी वाक."

दसऱ्याला कान्होजी कुठं गेले नाहीत. पगडी देवीपुढं ठेवून दिली. घरात मात्र कायदा झाला की धाकटीनं देव्हाऱ्याला शिवायचं नाही. तिनं देवीला नाकारलं, देवी तिला सोडून थोरलीकडं गेली. गावानं ते लगेच उचललं. "छोटी बहू से मैया रूठ गईं," असं काशीसुद्धा पाणवठ्यावर सांगू लागली. रघुनाथराव भाकरी घेताना बायकोकडं बघेनासे झाले. ते आधीही फारसं बघत नव्हते, त्यामुळं तेवढं सोसलं.

तीळ वाळले. सुलोचना वावरात जाजम पसरून पेंढ्या झाडायला बसली. शांताबाई येऊन बांधावर टेकल्या. त्यांना आता घरात कुणी काम करू देत नव्हतं.

"राग हाय माज्यावर?" त्यांनी विचारलं.

"न्हाई अक्का. पोर वाचवलीत. पन माजं बोलनं मातीत गेलं."

"तुजं गेलं ते येक दिवसाचं." शांताबाई चिंचेच्या काडीनं जमीन उकरत होत्या. "मला बघ. कालवनात मीठ जास्त झालं म्हनलं तर घर हात जोडून उभं ऱ्हातंय. कंबर दुखती म्हनलं तर नारळ फोडत्यात. शांती म्हनून आता मला कोन बी ऐकनार न्हाई. तू निदान येकदा आपल्या तोंडानं बोललीस."

सुलोचनानं पेंढी उलटी धरून झटकली. दाणे जाजमावर सांडले.

तेवढ्यात बांधावरून कान्होजी येताना दिसले. नजर वर, पाय बेफिकीर, नीट उभ्या केलेल्या पेंढ्यांच्या रांगेवरच येत होते. रिवाजाप्रमाणं सुलोचनानं पदर ओढून पाठ फिरवायची. तिनं तोंड झाकलं नाही.

"दादासाहेब, बाजूनं जा. पेंढीला पाय लागंल, दाना सांडंल."

कान्होजी थबकले. तिच्याकडं बघणं शक्य नव्हतं. त्यांनी शांताबाईंकडं वळून हात जोडले.

"आई, ही काय म्हनती? ऐकू का नको?"

शांताबाईंनी एकदा जावेकडं बघितलं. मग काडी टाकून दिली.

"काय म्हनली ते तिलाच इचारा," त्या म्हणाल्या.

कान्होजी तिथंच उभे राहिले. विचारायचं म्हणजे धाकट्या सुनेशी बोलावं लागणार होतं, आणि न विचारता पुढं जायचं म्हणजे देवीचा शब्द मोडणार होता. मग पेंढ्यांच्या बाजूनं, सगळा बांध फिरून, घराकडं परत गेले.

सुलोचनानं पुढची पेंढी उचलली. शांताबाई बांधावरून उतरून जाजमाचं दुसरं टोक धरायला आल्या.